रॉसबँकच्या नऊ मतांचा इतिहास

डनेडिन,
रविवार, १८ ऑगस्ट १९९६

प्रिय मोराग,

रॉसबँक मतदारसंघ पुसून टाकायला एकूण काय लागलं, याचा हिशेब मी परवा मांडून पाहिला. वेलिंग्टनच्या एका टेबलावरची निळी पेन्सिल. राजपत्राचं अर्धं पान. सुनावणीला आलेल्या तीन साहेबांना तीन कप चहा आणि एक बिस्किट, तेही अर्धं बशीत राहिलं. माझ्या हरकतीच्या पाकिटावरचं एक तिकीट. संपलं. पंच्याऐंशी वर्षं चाललेलं दुकान एवढ्यात बंद झालं. माझं दुकान बंद करायला याहून जास्त लागलं होतं. आरसे उतरवायलाच दोन माणसं दोन दिवस खपत होती.

तुझं कार्ड मिळालं. "येणार नाही. रॉसबँकला मी नको होते, आता मला रॉसबँक नको." पर्थहून इतक्या लांब यायला दोन वाक्यं थोडी होतात, पण तू आईसारखीच, एकदा ठरलं की शाई वाया घालवत नाहीस. तरी मी पुन्हा लिहितोय. चौदा सप्टेंबरच्या शनिवारी दुपारी सभागृहात रॉसबँकचा निरोपाचा चहा आहे. चीज रोल होणारच, चारशेची ऑर्डर आहे म्हणतात. त्या चहासाठी ये असं मी म्हणत नाही. आपल्या समोरच्या टुलॉकबाईंसाठी ये, आणि चहाच्या तारखेपर्यंत थांबू नकोस. त्या आता त्र्याण्णव वर्षांच्या आहेत. ईस्टरपासून अंथरुणावरून उठल्या नाहीत. मी मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांच्या नर्सिंग होममध्ये जातो, आणि दर खेपेला दारातच विचारतात, "मोराग आली का रे?" नाही म्हटलं की भिंतीकडे तोंड करतात. त्यांची नर्स मला बाहेर घेऊन म्हणाली, "मिस्टर क्रायटन, कोणाला बोलवायचं असेल तर आता बोलवा हं." माझे कान अजून चांगले आहेत. 'आता' या शब्दावर तिनं किती जोर दिला ते मी ऐकलं.

तू त्यांच्याशी पंधरा वर्षं बोलली नाहीस. आईच्या अंत्यविधीला आलीस तेव्हाही रस्ता ओलांडून गेली नाहीस. त्या खिडकीत हॅट घालून बसल्या होत्या, तू येशील म्हणून. हे मी तुला टोचायला लिहीत नाही. का लिहितोय ते सांगतो, पण मला माझ्या वाटेनं येऊ दे. म्हाताऱ्या न्हाव्याला आधी टॉवेल झटकावा लागतो.

कमिटीनं रॉसबँकचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलंय. चोवीस पानांची पुस्तिका. "वॉटी, तुझ्या खुर्चीत सगळा मतदारसंघ बसून गेलाय, तूच लिही," असं म्हणाले. खरंच आहे ते. तेराव्या वर्षी मी दुसऱ्याच्या दुकानात केस झाडत होतो, तिसाव्या वर्षी माझी तीन दुकानं होती, आणि शाळेत मी जे शिकलो नाही ते सगळं मला लोकांच्या मानेच्या मागे उभं राहून ऐकायला मिळालं. माणूस आरशात बघताना खोटं बोलतो, पण मान खाली घातली की खरं बोलतो. त्यामुळे इतिहासाला सुरुवात तर मी झोकात केली.

लिहिलंय ते असं. १९११ साली खाडीकाठच्या सपाट भागातले गॅसचा कारखाना, लोकरीची गिरणी आणि रेल्वेच्या चाळी एकत्र करून रॉसबँक झालं. पहिला खासदार मेइन, बॉयलर बनवणारा. त्याच्या भाषणाला मागच्या रांगेतून कोणी ओरडलं, "मेइन, ओरडू नकोस!" तर तो म्हणाला, "मी बॉयलरमध्ये तीस वर्षं काम केलंय, मला वाटतंय मी कुजबुजतोय." तो निवडून आला. मंदीच्या काळात बेकारांच्या रांगा सभागृहाला वळसा घालून मागच्या फाटकापर्यंत जायच्या, आणि सूप वाटणाऱ्या बायका दोन्ही पक्षांच्या होत्या. फक्त पळ्या वेगळ्या, म्हणजे कोणाचं सूप पातळ ते कळावं. मग युद्धानंतर आला डन्वूडी, आणि पस्तीस वर्षं हललाच नाही. दर पाच वर्षांनी खानेसुमारी झाली की वेलिंग्टनचे लोक नकाशा घेऊन बसायचे आणि आमची एक गल्ली काढून दुसरी जोडायचे. १९७७ ला त्यांनी आम्हाला टेकडी दिली. वरचे बंगले, गुलाबांचे वाफे, समोरच्या पक्षाची मतं. तेव्हापासून रॉसबँकची खात्री उरली नाही. टेकडीवर मतदान केंद्र मात्र दिलं नाही. सगळ्यांनी खाली शाळेतच यायचं.

गेल्या वर्षी नवी मतदान पद्धत आली आणि दक्षिण बेटाच्या पंचवीस जागांच्या सोळा करायच्या ठरल्या. आमची माणसं कमी पडत होती. मी हरकत घेतली. सुनावणीत मधल्या साहेबानं चष्मा वर करून विचारलं, "मिस्टर क्रायटन, या भागातल्या लोकांचा सामायिक हितसंबंध नेमका कोणता?" मी म्हटलं, "साहेब, सगळ्यांचे केस मीच कापलेत." सगळे हसले. तोही हसला आणि त्यानं ते लिहूनही घेतलं. मग नकाशा आला, त्यात आम्ही नव्हतो. लोक म्हणतात वॉटी क्रायटननं रॉसबँकसाठी जिवाचं रान केलं. केलं. पण का केलं ते कोणी विचारलं नाही. जोवर मतदारसंघ जिवंत असतो तोवर त्याचा इतिहास कोणी लिहायला सांगत नाही, मोराग.

बारा पानं सरळ उतरली. मग १९८१ आलं, आणि तीन आठवडे मी त्याच पानावर बसलोय. छापखान्याला येत्या शुक्रवारी सगळं द्यायचंय.

तुझं ते वर्ष मला तारखेनिशी आठवतं. डन्वूडी निवृत्त झाला, पक्षानं तुला उभं केलं, तू शाळेची नोकरी सोडलीस आणि हजारभर दारं ठोठावलीस. तुझ्या बुटांचे तळवे दोनदा बदलले. चाळीतल्या बायका तुला दारातून सोडायच्या नाहीत. "ये गं, एवढा एक कप तरी," असं म्हणत तुला आत ओढायच्या आणि तू दिवसाला अकरा कप चहा पिऊन घरी यायचीस, मग आई म्हणायची, "मत देतील की नाही ते माहीत नाही, पोट मात्र बिघडवतील." टुलॉकबाईंनी तुझं प्रचारात छातीवर लावायचं फितीचं फूल स्वतः शिवलं होतं. तू सहा वर्षांची असताना आईला फुप्फुसाचा आजार झाला आणि तू त्यांच्याकडेच जेवायचीस, त्यांच्याकडेच झोपायचीस. त्यांना मूल नव्हतं. त्या तुला रस्त्यात हाक मारायच्या, "आमच्या बाईसाहेब!" आणि मला म्हणायच्या, "ती तुझी कसली रे, तू नुसता बाप."

मतमोजणीच्या दिवशी तू एकतीस मतांनी मागे होतीस. मग दोन आठवडे विशेष मतांची वाट पाहिली. जहाजावरचे, इस्पितळातले, बाहेरगावी असलेले. ती मोजून झाली तेव्हा अंतर उरलं नऊ. समोरच्या पक्षाचा ॲलर्डाइस नऊ मतांनी आला. फेरमोजणीतही नऊच. आणि मग तू स्वयंपाकघरात आपल्या मतदान प्रतिनिधींनी केंद्रात बसून रेघा मारलेली ती यादी पसरलीस. ज्यानं मत दिलं त्याच्या नावावर रेघ. तू बोट फिरवत गेलीस आणि थांबलीस. मेल्व्हिल कोर्ट या वृद्धांच्या वसाहतीतल्या दहा म्हाताऱ्या, एकीच्याही नावावर रेघ नाही. आणि त्याच्या वर, आपल्याच गल्लीत, एग्नेस टुलॉक. रेघ नाही. यादी घडी करून घेतलीस आणि समोर गेलीस.

मी खिडकीतून पाहत होतो. काच बंद होती, पण त्यांच्या दारात काय बोलणं झालं ते मला नंतर टुलॉकबाईंनीच सांगितलं. तू विचारलंस, "मावशी, तुम्ही का नाही गेलात?" आणि त्या म्हणाल्या, "उशीर झाला गं बाई." एवढंच. तू म्हणालीस, "माझ्यासाठी एक दिवस लवकर नाही निघता आलं?" तू परत आलीस, बॅग भरायला घेतलीस, आणि मला म्हणालीस, "बाबा, अकरा जणी. ज्यांनी मला वाढवलं त्यांनीच मला नको म्हटलं. ॲलर्डाइसनं नाही हरवलं मला." मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. मी म्हणालो, "म्हाताऱ्या माणसांचं काय, पोरी, लहर फिरली असेल." तू सहा महिन्यांसाठी म्हणून पर्थला गेलीस. ती यादीही बरोबर नेलीस, आईनं पाहिलं होतं तुला ती बॅगेत ठेवताना.

आईनं शेवटच्या आजारात मला दोनदा विचारलं, "वॉटी, मोराग इतकी कशी तुटली रे? हरतात की माणसं." मी उशी सारखी केली. मला उशा छान सारख्या करता येतात. तुला तिकडे चांगली नोकरी आहे, घर आहे, लोक मान देतात, हे तुझ्या नाताळच्या कार्डांवरून कळतं. पण तू पुन्हा कधी कशासाठी उभी राहिली नाहीस, शाळेच्या समितीवरसुद्धा नाही. तुझ्यासारखी मुलगी. दारोदार हसत जाणारी. त्या यादीनं तुला शिकवलं की ज्यांचा आपण चहा पितो तेच पाठ फिरवतात, आणि तू तो धडा पाठ केलास. धडा खोटा होता, मोराग.

कमिटीच्या सेक्रेटरीनं पुस्तिकेच्या मागच्या पानासाठी माझ्याविषयी चार ओळी लिहून आणल्यात. मी काही सांगितलं नव्हतं, ही गोष्ट मीच चाळीस वर्षं दुकानात सांगत आलोय म्हणून त्याला पाठ आहे. "वॉटी क्रायटन. तेरा निवडणुका. चाळीस वर्षांत त्याच्या गाडीतला एकही मतदार केंद्रावर उशिरा पोचला नाही." वाचून दाखवताना त्याला भरून आलं. "हे तर दगडावर कोरायला हवं, वॉटी!" असं म्हणाला.

म्हणून आता सांगतो. मी परवा शुक्रवारी टुलॉकबाईंकडे गेलो तेव्हा त्यांना ते मागचं पान वाचून दाखवलं. मला वाटतं मला कोणीतरी थांबवायला हवं होतं. मग म्हणाल्या, "वॉटी, तू डावीकडे वळलास." पंधरा वर्षांत पहिल्यांदा. मग म्हणाल्या, "मी पोरीला सांगितलं नाही, कारण तिला एकच बाप होता. शेजारणी काय, मिळतात." आणि भिंतीकडे तोंड केलं.

डन्वूडी दर शनिवारी माझ्या खुर्चीत केस रंगवायला बसायचा. एकदा मान खाली घालून म्हणाला, "वॉटी, माझी थोरली कितवीत आहे रे?" मला विचारलं त्यानं, न्हाव्याला. खासदार म्हणजे आठवड्यातले चार दिवस वेलिंग्टन, उरलेले तीन दिवस लोकांचे. ते वाक्य माझ्या कानात अडकून बसलं. तू उभी राहिलीस तेव्हा मी सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या, कमिटीचा अध्यक्ष झालो, तुझी पत्रकं वाटली. आणि रोज रात्री जेवताना तुझी खुर्ची मोजत होतो, ती रिकामी झाली तर काय, म्हणून. तू आपल्यापासून फार तर दोन गल्ल्यांवर राहावीस एवढंच मला हवं होतं. तुला हरवायचं असं मी कधी ठरवलं नाही. पण वागलो ते ठरवल्यासारखंच.

मेल्व्हिल कोर्टातल्या बायका नेहमी संध्याकाळचं जेवण उरकून, हॅट घालून, सगळ्या मिळून शेवटी मत द्यायला जायच्या. तो त्यांचा सण होता. मी बाउल्सच्या खेळाच्या क्लबची बारा आसनी गाडी आणली. सहा पंचवीसला टुलॉकबाईंना घेतलं, त्या माझ्या शेजारी बसल्या, मग बाकीच्या दहा. तिथून शाळा आठ मिनिटांवर, केंद्र सातला बंद व्हायचं, आणि नोव्हेंबरात आपल्याकडे नऊपर्यंत सूर्य मावळत नाही. मिल रोडच्या चौकात उजवीकडे शाळा, डावीकडे टेकडी. मी डावीकडे वळलो. टुलॉकबाई म्हणाल्या, "अरे, डावीकडे कशाला?" मी म्हटलं, "ऊन किती छान पडलंय, वरून बंदर बघू या पाच मिनिटं. वेळ आहे." मागून सगळ्या ओरडल्या, "हो हो, जाऊ या!" त्या वर्षभर कुठे गेल्या नव्हत्या. वर त्या गाडीतून उतरल्या, एकमेकींचे हात धरून कठड्याशी उभ्या राहिल्या. कोणी आपलं जुनं घर दाखवत होतं, कोणी गिरणीचं धुराडं. मी घड्याळ बघितलं आणि काही बोललो नाही. परत बघितलं आणि काही बोललो नाही. टुलॉकबाई कठड्याकडे पाठ करून माझ्याकडे बघत होत्या.

शाळेचं दार बंद दिसलं तेव्हा त्या सगळ्या रडवेल्या झाल्या. त्यांना वाटलं आपण रेंगाळलो म्हणून. मी म्हटलं, "जाऊ द्या, मोराग काय शेकड्यांनी येतेय. पण तिला सांगू नका हं, तिला वाईट वाटेल." आणि नऊ मतांचा निकाल लागला तेव्हा त्या भ्यायल्या आणि पुन्हा कधी कोणाशी बोलल्या नाहीत. दहाही जणी गेल्या आता, आपणच मोरागला बुडवलं असं समजून. अकराही मतं तुझी होती. मी तुला असंही लिहू शकलो असतो की मला वाटलं तू तशीही येशील. ते खोटं होईल. चार आठवडे मी मानेच्या मागे उभा राहून ऐकत होतो, आणि माझा हिशेब होता की तू दोन-चार मतांनी येतेस. अकरा मिळवून बघ. हिशेब बरोबर होता.

हे पत्र लिहायचं कारण एवढंच. तुझ्याकडे क्षमा मागायला नाही. ती मागायला मला तोंड नाही, आणि तू ती देऊही नकोस. माझ्याकडे उतरू नकोस, बोलू नकोस, चहाला येऊ नकोस, हवं तर विमानतळावरून सरळ टुलॉकबाईंच्या नर्सिंग होममध्ये जा आणि तिथूनच परत जा. मी मंगळवार-शुक्रवार जाणार नाही. पण त्या बाईच्या नावावर रेघ नाही म्हणून तू तिला सोडलंस, आणि ती रेघ माझ्यामुळे नाही. तिला एकदा "बाईसाहेब" म्हणू दे. नर्स म्हणते आठवडा, फार तर दोन. माझ्याकडे दुसरं काही नाही तुला आणायला, हे एवढंच आहे, मोराग, म्हणून मी ते पाठवतो. पुस्तिकेच्या मागच्या पानावरची ओळ मी आज सकाळी खोडली आणि छापखान्यासाठी त्या जागी खरं ते लिहून ठेवलं: शनिवार, २८ नोव्हेंबर १९८१. अकरा मतदार. शाळेच्या फाटकाशी पोचलो तेव्हा सात वाजून सहा मिनिटं झाली होती.

तुझाच,
बाबा